करून बघू या : जिन्यातला ड्रम आणि फाटका आवाज

काय मंडळी, नव्या वह्यांना कव्हरं घालून झाली का? गेल्या खेपेला आपण दोन काड्यापेट्या आणि दोरा घेऊन टेलिफोन केला होता. आजही आवाजाचाच उद्योग आहे, पण जरा दांडगा. घरात कुणी झोपलं असेल तर मनातल्या मनात वाचा!

मी तिसरीच्या वर्गाला शिकवते. दिवसातून चाळीस वेळा "आवाज बंद!" म्हणणं हा माझा धंदाच. माझी ताई आमच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहते आणि तिच्या मुलाला इलेक्ट्रिक गिटारचं वेड. साधंसुधं नाही, हेवी मेटलचं. त्याचा जिवलग दोस्त ड्रम वाजवतो. दोघं नुकतेच दहावीची परीक्षा देऊन मोकळे झालेले. या मे महिन्यात दोघं माझ्या दारात तोंड पाडून उभे राहिले. दोस्ताचे वडील रेल्वेत. त्यांची मिरजेहून सोलापूरला बदली झालेली. जायला फक्त अकरा दिवस. दोन वर्षं खपून या दोघांनी एकच गाणं धड बसवलं होतं आणि ते कुठंही रेकॉर्ड केलेलं नव्हतं.

"मावशी, स्टुडिओला एवढे पैसे नाहीत. घरीच करायचंय. आई म्हणते, मावशीला विचार, तिची खोली मोठी आहे."

आता पाहा बुवा, खोली माझी, कान माझे, शेजारी माझे! पण अकरा दिवसांनंतर हे गाणं परत होणार नव्हतं, हे मलाही कळत होतं. म्हटलं, या.

पहिला प्रयत्न कसा झाला असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. मोबाइल टेबलावर ठेवला, लाल बटण दाबलं आणि दोघांनी जीव तोडून वाजवलं. नंतर ऐकलं तर पत्र्याच्या शेडवर कुणी खडी ओततंय असं वाटत होतं. गिटार कुठली, ड्रम कुठला, काही पत्ता नाही.

असं का झालं? वही घ्या आणि डोंगराची रांग काढा. एक डोंगर वर, एक दरी खाली, पुन्हा डोंगर, पुन्हा दरी. ही आवाजाची लाट समजा. आवाज मोठा झाला की डोंगर उंच होतात आणि दऱ्या खोल. पण माइकला, मशीनला एक कमाल उंची असते. त्यापलीकडे गेलेला डोंगर तिला मोजताच येत नाही. मग ती सगळ्या शिखरांना सपाट कापून टाकते. कात्रीने कापा बघू तुमच्या कागदावर. झाला ना सह्याद्रीतल्या पठारासारखा? यालाच क्लिपिंग म्हणतात. गणपतीच्या मांडवातला स्पीकर फाटका वाजतो ना, तो याच कारणाने.

आता खरी गंमत. हेवी गिटारवाल्याला नेमका हाच फाटका आवाज हवा असतो! १९६४ साली इंग्लंडमध्ये डेव्ह डेव्हिस नावाच्या सतरा वर्षांच्या पोराने आपल्या छोट्या अँप्लिफायरच्या स्पीकरचा कागदी पडदा ब्लेडने चिरला. त्याचा बँड द किंक्स. त्या चिरलेल्या स्पीकरमधून वाजलेलं "यू रिअली गॉट मी" हे गाणं जगभर गाजलं. (आई-बाबांनो, घाबरू नका. हल्ली हा आवाज बटण फिरवून मिळतो. आणि पोरांनो, बाबांचा स्पीकर चिरू नका!)

पण चांगला आवाज मुद्दाम कशाला फाडायचा? मलाही तसंच वाटायचं. उत्तर सापडलं आमच्याच गावात. मिरज म्हणजे सतारी-तंबोऱ्यांचं गाव. सतारमेकर गल्लीतून गेलात तर कारागीर तंबोऱ्याची जवारी लावताना दिसतील. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा ते इतक्या बेताने घासतात की हलती तार त्याला किंचित चाटून जाते. वर तारेखाली सुताचा एक बारीक धागा सरकवतात. मग तार नुसती 'टुंग' करत नाही, तिच्यातून झिणझिणीत, भरदार आवाज निघतो. तारेत मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वेगाची आंदोलनंही असतात. मूळ सूर सेकंदाला ११० आंदोलनांचा असेल तर २२०, ३३०, ४४० असे त्याचे भाईबंद. जवारी या भाईबंदांना जागं करते. लाटेची शिखरं कापली की तेच होतं, नवे भाईबंद हजर होतात. म्हणजे आजोबांचा तंबोरा आणि नातवाची गिटार हे एकमेकांचे लांबचे नातलग निघाले!

नातं इथेच संपत नाही. तंबोऱ्याच्या चार तारा बहुतेक वेळा प-सा-सा-सा अशा लावतात. हेवी गिटारवालेसुद्धा पूर्ण कॉर्ड फारसा वाजवत नाहीत. ते वाजवतात पॉवर कॉर्ड, म्हणजे फक्त सा आणि प. कारण फाटक्या आवाजात तीन-चार वेगळे सूर एकदम घातले की प्रत्येकाचे भाईबंद एकमेकांशी भांडतात आणि चिखल होतो. सा आणि प यांचं प्रमाण २:३ असं साधं, त्यामुळे त्यांचं गोत्र जुळतं. भाच्याच्या गाण्यात एके ठिकाणी मोठा कॉर्ड होता. तो काढून त्याने सा-प टाकला, तेव्हा अर्धा चिखल तिथेच साफ झाला. पैसा एक खर्च नाही.

या संगीताचा खरा बाप मानतात तो बर्मिंगहॅमचा टोनी आयोमी. पत्र्याच्या कारखान्यात काम करताना सतराव्या वर्षी मशीनमध्ये त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा तो हाच हात. डॉक्टर म्हणाले, गिटार विसर. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामड्याचा तुकडा चिकटवला. पुढे बोटांना त्रास कमी व्हावा म्हणून तारा सैल केल्या. तारा सैल झाल्या तसा सूर खाली उतरला आणि आवाज आणखी भारी झाला. त्याच्या ब्लॅक सॅबथ या बँडची पहिली रेकॉर्ड १९७० साली आली.

तर, कामाला लागू. भाच्याने मित्राकडून ऑडिओ इंटरफेस आणला होता. डब्याएवढं यंत्र, एका बाजूने गिटार किंवा माइक जोडायचा, दुसऱ्या बाजूने कॉम्प्युटर. दोनच माइक लावायची सोय. पहिला नियम असा की आवाज गिटारच्या अँप्लिफायरमध्ये फाटू दे, कॉम्प्युटरमध्ये नको. तिथे फाटला की तो भरदार वगैरे होत नाही, नुसता टचटच वाजतो आणि नंतर दुरुस्त होत नाही. म्हणून आवाजाचा काटा लाल पट्टीला टेकण्याच्या बराच आधी, उणे दहाच्या आसपास ठेवायचा. भाचा म्हणाला, "मावशी, हळू वाटतंय." वाटू दे. आवाज नंतर वाढवता येतो, कापलेला डोंगर परत जोडता येत नाही.

माइक अँप्लिफायरच्या स्पीकरसमोर दोन बोटं अंतरावर ठेवला. स्पीकरच्या मधोमध धरला की आवाज टोकदार, कडेला सरकवला की मऊ. बोटभर सरकवल्यावर एवढा फरक पडतो की आधी विश्वास बसत नाही. आम्ही अर्धा तास नुसता माइकच सरकवत होतो. पंखा बंद, मे महिना, तिघं घामाने निथळतोय. पण पंखा चालू ठेवला तर त्याची घरघरही गाण्यात येते, इलाज नाही.

आता ज्यांच्या घरी गिटार थेट कॉम्प्युटरला जोडतात त्यांच्यासाठी एक सूचना. फाटक्या आवाजाचं बटण चालू केल्यावर नुसत्या गांधीलमाश्या घोंघावल्यासारखं वाटलं तर घाबरू नका. गिटारचा बारा इंची स्पीकर फार बारीक, कर्कश आवाज बाहेर सोडतच नाही, तो एक प्रकारची चाळणी असतो. सॉफ्टवेअरमध्ये त्या स्पीकरची नक्कल करणारा भाग वेगळा असतो, तो चालू करा. माश्या पळतील.

भाच्याची दुसरी चूक मजेदार. त्याला आवाज अजाटसणसणीत हवा म्हणून त्याने फाटकेपणाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. ऐकलं तर उलट आवाज लहान झाला! शिखरं इतकी कापली की जोरात मारलेला ठोका आणि हळू मारलेला ठोका एकाच उंचीचे. ठसकाच गेला. बटण निम्म्यावर आणलं आणि तेच सूर दोनदा वाजवून घेतले. पहिली खेप डाव्या स्पीकरला, दुसरी उजव्याला. आणि काय सांगू, भिंती लांब गेल्यासारखं वाटलं!

इथे तो आळशी म्हणतो कसा, "दुसऱ्यांदा कशाला वाजवू? कॉपी-पेस्ट करतो." करून बघू दिलं. दोन्ही बाजूंना अगदी हुबेहूब तोच आवाज आला की कान म्हणतो, हा तर मधोमध उभा असलेला एकच माणूस. माणूस दुसऱ्यांदा वाजवतो तेव्हा कुठे केसाएवढा उशीर होतो, कुठे बोट जरा जोरात पडतं. त्या बारीक फरकामुळेच दोन माणसं ऐकू येतात. वर्गात चाळीस मुलं एकदम पाढे म्हणतात तेव्हा आवाज भरून येतो तो असाच. भाच्याने मुकाट्याने सगळं गाणं पुन्हा वाजवलं. सात वेळा चुकला, आठव्यांदा जमलं.

आता ड्रम. खरी परीक्षा इथे होती.

पहिल्या दिवशी आम्ही ड्रमसेट माझ्या खोलीत मांडला. खाली सतरंजी, भिंतीला गोधड्या, मोठ्या ड्रमच्या पोटात उशी. एक माइक मोठ्या ड्रमसमोर, दुसरा वर, वाजवणाऱ्याच्या डोक्याशी. प्रत्येक माइक वेगवेगळा ऐकला तर छान. दोन्ही एकत्र लावले तर मोठ्या ड्रमचा दणका गायब! पायाने मारतोय पण ऐकू येतोय पुठ्ठ्याचा खोका. दोस्त रडकुंडीला आला. त्याला वाटलं, आपल्यालाच वाजवता येत नाही.

मी त्यांना झोक्याचं उदाहरण दिलं. झोका पुढे जाताना तुम्ही ढकललं तर तो उंच जातो. पण त्याच क्षणी समोरून कुणी तेवढ्याच जोराने उलट ढकललं तर? थांबतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात ३४ सेंटिमीटर. सुतळी घेऊन मोजलं. वरचा माइक ड्रमपासून दुसऱ्या माइकपेक्षा १ मीटर ७० सेंटिमीटर जास्त लांब होता. करा भागाकार! तिथे आवाज सेकंदाच्या पाच हजारांश भागाने उशिरा पोचत होता. सेकंदाला १०० आंदोलनांच्या लाटेला एक डोंगर-दरी पूर्ण करायला दहा हजारांश लागतात. म्हणजे एका माइकमध्ये डोंगर असताना दुसऱ्यात नेमकी दरी. बेरीज शून्य! आणि मोठ्या ड्रमचा दणका असतो तो त्याच आसपासच्या खालच्या सुरांत.

उपाय दोन. माइक सरकवून अंतर बदलायचं, नाहीतर एका माइकची लाट उलटी करायची. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्तुळात तिरकी रेघ अशी खूण असलेलं छोटं बटण असतं. भाच्याने ते दाबलं. दणका परत आला! दोस्ताचा चेहरा तेव्हा पाहायला हवा होता तुम्ही.

तरी त्याचं समाधान होईना. "ताई, हे कपाटात बसून वाजवल्यासारखं वाटतंय." (मी भाच्याची मावशी, पण याची ताई!) खरंच होतं. खोली लहान, स्लॅब बुटका, त्यात गोधड्या.

तेव्हा भाच्याने एक माहिती काढली. १९७१ सालच्या "व्हेन द लेव्ही ब्रेक्स" या लेड झेपेलिनच्या गाण्यातला ड्रम ऐकून आजही लोक थक्क होतात. तो स्टुडिओत घेतलेलाच नाही. इंग्लंडमध्ये हेडली ग्रेंज नावाची इमारत आहे, १७९५ साली गोरगरिबांसाठी बांधलेली. तिच्या प्रवेशाच्या दालनात जिन्याच्या पायथ्याशी जॉन बॉनहॅमचे ड्रम मांडले आणि अँडी जॉन्स या रेकॉर्डिंग करणाऱ्याने दोन माइक वर जिन्यावरून लटकवले. बस्स. बाकी बरंचसं काम जिन्याने केलं.

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. आमच्या बिल्डिंगला जिना आहे!

आता परवानगी. तळमजल्यावरचे काका रिटायर्ड, दुपारी झोपणारे. मी दोघांना घेऊनच गेले. मोठ्यांनी परस्पर बोलायचं आणि मुलांनी मागे लपायचं, हे मला पटत नाही. दोस्ताने स्वतः सांगितलं, "काका, मी पुढच्या शुक्रवारी गाव सोडतोय. एकदाच वाजवू द्या." काकांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "रविवारी अकराला सुरू करा. साडेबाराला नळाला पाणी येतं, मोटर लागते. त्याआधी आटपा." म्हणजे दीड तास.

रविवारी पायथ्याशी ड्रम, एक माइक त्याच्याजवळ, दुसरा वरच्या वळणावर सुमारे सात मीटर लांब. आवाज तिथे पोचायला वीस हजारांश सेकंद. इथे उशिराची भीती नाही, उशीर हीच तर मजा. पहिला ठोका मारला आणि सगळा जिना बोलला! पण गाणं सुरू झाल्यावर पुन्हा गोंधळ. गाण्याची लय मिनिटाला १५० ठोक्यांची. एक ठोका जिन्यात विरायच्या आत दुसरा त्याच्या अंगावर. पाऊण तास यातच गेला. भाचा चिडला, "लय बदलायची नाही, गाणं माझं आहे." दोस्त म्हणाला, "गाणं दोघांचं आहे." मी गप्प बसले. खरं सांगते, ते फार अवघड गेलं.

शेवटी दोस्ताने न विचारताच लय ११० वर आणून वाजवायला सुरुवात केली. प्रत्येक ठोक्यामागे जिना दम घेत होता. भाचा पायरीवर बसून ऐकत राहिला. मग म्हणाला, "मी गिटार परत वाजवतो." आठ खेपा घेऊन जमवलेलं सगळं रद्द करून! साडेबाराला पाच मिनिटं कमी असताना आमची चौथी खेप पूर्ण झाली, आणि मोटर लागली.

आई-बाबांनो, आता दोन मिनिटं तुमच्याशी. ड्रमजवळ आवाज सहज १०० डेसिबलपर्यंत जातो. ८५ डेसिबल आवाजात आठ तास काम करता येतं असं धरतात, पण दर तीन डेसिबल वाढले की वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, आणि १०० ला फक्त पंधरा मिनिटं. हा हिशेब मोठ्या माणसांचा आहे, मुलांच्या कानांना याहून कमीच सोसतं. आतल्या कानातल्या बारीक केसांसारख्या पेशी एकदा गेल्या की पुन्हा उगवत नाहीत. दोघांनाही मी औषधाच्या दुकानातून फोमचे बोळे आणून दिले. कापूस कोंबून भागत नाही, तो फारसा आवाज अडवत नाही. "बोळे घातले तर कळत नाही" ही तक्रार दहा मिनिटं टिकते, मग सवय होते.

उरलं मिक्सिंग. सगळे तुकडे एकत्र शिजवणं म्हणा ना. बास गिटार नव्हती, ती बाजू भाच्याने कीबोर्डवर वाजवली. गिटारची सर्वांत जाड तार ८२ आंदोलनांची, बासची ४१ ची. भाच्याला गिटारमध्येच सगळा भारीपणा हवा होता. मग गिटार, बास, मोठा ड्रम सगळे एकाच दारातून आत घुसायला बघत होते. गिटारमधला साधारण १०० च्या खालचा भाग कापला. एकटी ऐकली तर ती बिचारी बारीक वाटली. सगळ्यांबरोबर ऐकली तेव्हा एकदम मोठी झाली. लोक ज्याला गिटारचं वजन समजतात ते पुष्कळदा बासचं असतं.

आणखी एक फसवणूक ओळखून ठेवा. एकच गाणं घरच्यांना दोनदा ऐकवा, दुसऱ्यांदा आवाज अगदी किंचित मोठा. विचारा, कुठलं चांगलं? बहुतेक जण दुसरं म्हणतील. म्हणून कुठलाही बदल केलात की आधी आवाज सारखा करा, मग ठरवा. आणि मिक्सिंग हळू आवाजातच करावं. हळू ऐकूनही गाणं भारी वाटलं तर ते खरंच भारी. आम्ही ते मोबाइलवर ऐकलं, ताईच्या मिक्सरशेजारच्या जुन्या स्पीकरवर ऐकलं, शेजारच्यांच्या गाडीत ऐकलं. गाडीत बास फार झाला होता, कमी केला.

घरी असं काय होणार, म्हणाल तर अमेरिकेतल्या टॉम शोल्झचं बघा. पोलरॉइड कंपनीत इंजिनिअर. नोकरी सांभाळून घराच्या तळघरात वाजवत आणि रेकॉर्ड करत बसायचा. बॉस्टन या बँडची १९७६ सालची पहिली रेकॉर्ड बरीचशी त्या तळघरातली. तिच्या कोट्यवधी प्रती खपल्या.

आमच्या गाण्याच्या दोन प्रती झाल्या. एक भाच्याच्या कॉम्प्युटरवर, एक दोस्ताच्या पेनड्राइव्हवर. शुक्रवारी स्टेशनवर त्याने तो खिशातून तीनदा काढून बघितला. काकांनी मात्र आम्हाला जिन्यात गाठून विचारलं, "झालं का तयार? ऐकवणार की नाही?" त्यांनाही मोबाइलवर पाठवलं.

सोलापूरच्या घरी ड्रमसेट मांडायला जागा नाही. म्हणून दोस्त तिकडे रबरी पॅडवर काठ्यांनी वाजवतो, मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवतो, आणि भाचा इकडे त्यावर नवी गिटार बसवतो. दोघांचा मेळ बसावा म्हणून सुरुवातीला चार मोजके ठोके ठरलेत. परवा पहिली फाइल आली. चार ठोके आहेत, आणि चौथ्यानंतर लगेच त्यांच्या कुकरची शिट्टी.

भाचा म्हणतोय, शिट्टी ठेवायची.